वारंवार फुगणारी म्हैस: डायफ्रामॅटिक हर्नियाचं एक प्रकरण, पहिल्या फुगीपासून टाके काढेपर्यंत

म्हैस मुऱ्हा, वय ७ वर्षं, तिसरं वेत, वजन अंदाजे ४८० किलो. व्यायला २६ दिवस झालेले. तक्रार एका ओळीची: फुगते, औषध दिलं की उतरते, दोन दिवसांनी पुन्हा फुगते.

डायफ्रामॅटिक हर्निया म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला भोक पडून पोटातला अवयव छातीत शिरणं. हे प्रकरण एका ठरावीक गोठ्यातलं नाही. अशा म्हशींमध्ये पुन्हा पुन्हा दिसणारं चित्र एका जनावरावर मांडलं आहे, म्हणजे काय कशानंतर घडतं आणि का घडतं हे सलग दिसेल.

आधी काय काय झालं

व्यायच्या आठ-दहा दिवस आधी डावी भकाळी पहिल्यांदा फुगली. शेवटचे दिवस भरत आलेले, त्यामुळे पोटातल्या वासराच्या दाबाने होत असेल असं सगळ्यांनाच वाटलं. गोडेतेल पाजलं, फुगीवरचं औषध दिलं, उतरली. व्यायली नीट, वारही वेळेवर पडली. त्यानंतरचे पाच-सहा दिवस ती चांगली खात होती, दूधही वाढत होतं. हा मधला सुधार फसवा असतो. गर्भाशय रिकामं झालं की पोटातला दाब उतरतो, पोटाच्या चारही कप्प्यांना जागा मिळते आणि आजार गेल्यासारखा वाटतो. खाणं वाढून कोठीपोट (पहिला, सगळ्यात मोठा कप्पा) पुन्हा भरलं की मूळ दुखणं वर येतं.

दुसऱ्या आठवड्यापासून फुगी दर दोन-तीन दिवसांनी येऊ लागली. दूध १२ लिटरवरून ३ लिटरवर आलं. पाणी पिते, हिरवा चारा थोडा चघळते, पेंड हुंगून सोडते, रवंथ जवळपास बंद. एवढ्यात तिला दोनदा ट्रोकार (भकाळीतून वायू काढायची जाड पोकळ सुई) टोचलेला, सोडा पाजलेला, लिव्हर टॉनिकच्या बाटल्या आणि पाचक पावडरी संपलेल्या.

दोन गोष्टी मालक आपणहून सांगत नाहीत, त्या विचाराव्या लागतात. पहिली शेणाची. इथे शेण दिवसातून एक-दोनदाच, मूठभर, काळं आणि चिकट येत होतं. काडीने उचललं तर डांबरासारखी तार धरणारं. दुसरी गोठ्याची: वर्षभरात जवळपास बांधकाम झालं का, कडबाकुट्टीचं यंत्र कुठे आहे, वैरणीचे भारे कशाने बांधून येतात? या गोठ्याशेजारी दहा महिन्यांपूर्वी शेडचा स्लॅब पडला होता, आणि सळया बांधायच्या बाइंडिंग तारेचे तुकडे तिथेच कडब्याच्या गंजीजवळ पडून होते.

तपासणी

ताप १०१.२ अंश फॅरनहाइट, म्हणजे नाहीच. नाडी ५६, श्वास मिनिटाला २६. श्वास थोडा वरवरचा, पण धाप नाही. डावी भकाळी ताठ फुगलेली. स्टेथोस्कोप लावला तर कोठीपोट चालतंय, उलट जरा जास्तच चालतंय. अपचनाच्या औषधांचा मारा होतो तो इथेच फसून. अपचनाच्या म्हशीचं कोठीपोट मंद पडतं. हिचं हलतंय, पण त्यातलं पुढे सरकत नाही.

तोंडातून पोटात नळी घातली. ती अडथळ्याविना गेली, भसकन वायू बाहेर आला आणि भकाळी बसली. अन्ननलिकेत आंबा, बटाटा किंवा कापडाचा बोळा अडकलेला नाही हे यावरून कळलं. चार तासांत ती पुन्हा फुगली.

पाठीवर चिमटा घेतला, छातीखाली बांबू धरून उचलून पाहिलं. म्हैस कण्हली नाही. तारेने जाळीपोटाला (कोठीपोटाच्या पुढचा कप्पा) नुकतीच जखम केलेली असती तर ती कण्हली असती आणि चिमट्याने पाठ खाली वाकवली नसती. मानेच्या शिरा किंचित भरलेल्या, पण पुढच्या पायांमध्ये छातीखाली सूज नाही. हृदयाच्या आवरणात पू झालेल्या म्हशीला ती सूज बहुतेक येते, आणि हृदयाच्या ठोक्यांबरोबर पाण्याच्या खळखळाटासारखा आवाज येतो. हिच्या हृदयाचे ठोके उजवीकडून दबलेले, लांबून आल्यासारखे येत होते. उजव्या कोपराच्या मागे, चौथ्या-पाचव्या बरगडीच्या पातळीला खाली कान लावला तर अधूनमधून गुरगुर. या गुरगुरीवर एकट्या विसंबू नये. पोटातला आवाज निरोगी म्हशीच्या छातीतही काही वेळा उमटतो. मात्र व्यायच्या आसपास सुरू झालेली फुगी, पुन्हा पुन्हा येणं, काळं थोडं शेण, ताप नाही आणि नळी सहज जाते, हे पाचही एकत्र आले की ती गुरगुर मोलाची ठरते.

आमचं मत इथे स्पष्ट आहे. गाभणपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत किंवा व्यायल्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत म्हैस कारण न सापडता दुसऱ्यांदा फुगली, तर तिसऱ्या फुगीची वाट न पाहता छाती तपासावी. जीव जातोय असा प्रसंग नसेल तर ट्रोकार बाजूला ठेवून नळीनेच वायू काढावा. ट्रोकारने म्हैस लगेच सुटते, म्हणून तो पुन्हा पुन्हा वापरला जातो. पण प्रत्येक भोकातून कोठीपोटातलं पाणी थोडं पोटात झिरपतं, कोठीपोट डाव्या भिंतीला चिकटतं, आणि पुढे शस्त्रक्रियेसाठी जिथे छेद घ्यायचा नेमकी तीच जागा खराब झालेली असते.

आत नेमकं काय झालेलं असतं

श्वासपटल, म्हणजे डायफ्राम, हा छाती आणि पोट यांच्यामधला घुमटासारखा पडदा. मध्ये तो पांढरा आणि कंडरेचा, कडेला मांसाचा. म्हशीत भोक पडतं ते बहुतेक वेळा उजवीकडे खालच्या अंगाला, मांस आणि कंडरा जिथे जोडले जातात तिथे. जाळीपोट अगदी या पडद्याला टेकून असतं, त्यामुळे भोकातून वर सरकतं तेही जवळपास नेहमी जाळीपोटच. क्वचित त्याच्यासोबत यकृताचा तुकडा, प्लीहा किंवा चौथं पोट जातं.

भोक पडायला बहुधा दोन गोष्टी जुळून येतात. जनावर ओठांनी चाचपून, निवडून खात नाही, त्यामुळे कुट्टीबरोबर तार गिळली जाते. ती जड असल्याने जाळीपोटात तळाला बसते आणि पुढच्या दिशेने रुतते. पडदा टोचला जातो, सुजतो, त्या जागी कमकुवत होतो. त्यावर गाभणपणाचा शेवटचा दाब आणि व्यायच्या कळा येतात. गायीही तारा गिळतात, पण हा आजार म्हशीत कितीतरी जास्त दिसतो. म्हशीच्या श्वासपटलाचा कंडरेचा भाग मुळातच कमी ताकदीचा असावा, असं मानलं जातं.

फुगी का येते हे कळलं की औषध का लागू पडत नाही हेही कळतं. जाळीपोट साधारण मिनिटाला एकदा, दोन टप्प्यांत आकसतं. त्या आकसण्याने बारीक झालेलं अन्न तिसऱ्या पोटाच्या तोंडाशी जातं आणि ते तोंड उघडतं. ढेकर येताना अन्ननलिकेच्या तोंडापाशी साचलेलं पाणी बाजूला सारण्याचं कामही जाळीपोटाच्या याच हालचालींवर चालतं. मान (भोकात आवळलेला अरुंद भाग) चिमटलेल्या अवस्थेत जाळीपोट छातीत अडकलं की दोन्ही कामं बिघडतात. वायू वर निघत नाही, अन्न खाली सरकत नाही. वायू कोठीपोटात साठून भकाळी फुगते. खाली थेंब थेंब उतरतं, ते आतड्यात रेंगाळतं, वाळतं, काळं पडतं. ही यांत्रिक अडचण आहे. सोड्याने किंवा तेलाने चिमटलेली मान सुटत नाही.

खात्री

प्रौढ म्हशीच्या छातीचा एक्स-रे काढायला ताकदीचं मशीन लागतं. गावात नेता येणारी छोटी मशीन तिथे पुरत नाहीत. ३.५ मेगाहर्ट्झच्या प्रोबची सोनोग्राफी मात्र जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात किंवा महाविद्यालयात होऊ शकते, आणि म्हैस उभी ठेवूनच होते. छातीच्या खालच्या भागावरचे केस काढून, पाण्याने व जेलने ओलं करून, दोन्ही बाजूंनी बरगड्यांच्या फटींतून मागून पुढे पाहत यायचं. निरोगी जाळीपोट सहाव्या-सातव्या फटीत, पडद्याच्या मागे, अर्धचंद्रासारखं दिसतं आणि मिनिटाला एकदा दोन झटक्यांत मागे सरतं. या म्हशीत उजवीकडे चौथ्या-पाचव्या फटीत हृदयाच्या शेजारी तीच जाड भिंत आणि तीच दुहेरी हालचाल दिसली. एका चौकटीत हृदय धडधडतंय आणि त्याला टेकून पोट आकसतंय, असं दिसल्यावर दुसरा अर्थ निघत नाही.

एक्स-रेमध्ये पडद्याची रेघ खालच्या बाजूला तुटलेली आणि तिच्या पुढे, हृदयाच्या सावलीवर, पिशवीसारखा आकार दिसला. त्यात तारेच्या चार-पाच बारीक रेषा. धातू छातीत दिसतोय म्हणजे जाळीपोट छातीत आहे, त्यामुळे बेरियम (एक्स-रेत उठून दिसणारं द्रावण) पाजायची गरजच राहिली नाही. धातुशोधकाने म्हैस वाजते म्हणून हर्निया ठरवणं मात्र चूक. बहुतेक प्रौढ म्हशींच्या पोटात थोडंबहुत लोखंड असतंच.

टेम्पोतून आणतानाची काळजीही निदानाइतकीच महत्त्वाची. निघण्याआधी नळीने वायू काढायचा, १२ तास चारा बंद ठेवायचा, म्हैस उभी राहील आणि तोंड चढाच्या बाजूला राहील अशी बांधायची, आणि नळी घेतलेला माणूस मागे हवा. कुशीवर आडवी पडलेली फुगलेली म्हैस रस्त्यातच गुदमरते.

पहिली बैठक: कोठीपोट रिकामं करणं

श्वासपटलाचं भोक शिवायला थेट हात घालायचा नाही. भरलेल्या कोठीपोटासकट म्हशीला पाठीवर उताणी केलं तर ६०-८० किलोचा तो गोळा पडद्यावर आणि मोठ्या शिरांवर बसतो, पोटातलं पाणी उलटून श्वासनलिकेत जातं. शिवाय तार आत असताना जाळीपोट ओढलं तर ती तार हृदयावरणात किंवा फुप्फुसात घुसू शकते. म्हणून दोन बैठका.

म्हैस खोड्यात उभी. मणक्याच्या कडेला शेवटच्या छातीच्या आणि पहिल्या तीन कमरेच्या मज्जातंतूंवर बधिर करणारं २ टक्के लिग्नोकेन, प्रत्येक जागी १५ ते २० मिलि. डाव्या भकाळीत उभा छेद. कोठीपोटाची भिंत बाहेर ओढून वेइनगार्थच्या चौकटीला अडकवायची, म्हणजे आतलं पाणी पोटाच्या पोकळीत सांडत नाही. मग हाताने चारा उपसायचा, जवळजवळ पूर्ण.

चारा निघाल्यावर हात पुढे जाळीपोटाकडे जातो. निरोगी म्हशीत जाळीपोटाचा तळ चिमटीत धरून वर उचलता येतो. इथे हात पुढे आणि खाली, पिशवीच्या आवळलेल्या तोंडातून आत शिरावा तसा एका कडक वर्तुळातून पलीकडे जातो. पलीकडे पोहोचलेल्या बोटांवर हृदयाचा ठोका थेट बसतो. हे वर्तुळ हाताने मोजून ठेवायचं. या म्हशीत बंद मूठ जेमतेम जात होती, म्हणजे १० ते १२ सेंटिमीटर. जाळीपोट कडेला कुठे चिकटलंय, कुठे मोकळं आहे, हेही याच वेळी भिंतीतून चाचपून कागदावर मांडायचं. दुसऱ्या बैठकीत डोळ्यांना फारसं दिसत नाही, हाच नकाशा कामी येतो.

लोहचुंबक हातात धरून तळ पिंजला. बाइंडिंग तारेचे ३ ते ६ सेंटिमीटरचे सात तुकडे, एक गंजका खिळा, टायरच्या जाळीतली एक केसाएवढी पोलादी तार, आणि मूठभर लोखंडी चुरा. तारांची टोकं तिरपी, धारदार होती. हे कुट्टी यंत्राचं काम. अख्खी तार गिळली जाणं अवघड. पात्याखाली तिचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला दोन सुया फुटतात. टायरची तार टायर जाळलेल्या राखेतून किंवा फाटक्या टायरच्या गव्हाणीतून येते, आणि ती इतकी बारीक असते की चुंबक फिरवला नाही तर बोटांना लागतच नाही.

कोठीपोट दोन थरांत, दुसरा थर आत दुमडून शिवलं. मग स्नायू, मग कातडी.

मधले ३६ तास

चारा पूर्ण बंद. शेवटचे १२ तास पाणीही बंद. शिरेतून नॉर्मल सलाइन आणि रिंगर लॅक्टेट मिळून १० ते १५ लिटर. प्रतिजैविक आणि वेदनाशामक मेलोक्सिकॅम किलोमागे ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे हिला २४० मिलिग्रॅम. डायक्लोफेनॅक नको. जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे, गिधाडं त्यानेच संपत आली. किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅकही २०२३ मध्ये त्याच कारणाने बंद झाले.

दुसरी बैठक २४ ते ७२ तासांत उरकावी. त्यापेक्षा लवकर केली तर म्हैस पहिल्या ताणातून सावरलेली नसते. लांबवली तर ती उपासाने खचते, आणि काही खाल्लं तर कोठीपोट पुन्हा भरतं. पहिल्या बैठकीनंतर बहुतेक म्हशी तरतरीत होतात, फुगी जाते, आणि मालक घरी न्यायचं म्हणतात. इथे ठाम राहावं लागतं. भोक तसंच आहे, जाळीपोट अजून छातीत आहे.

गाभण म्हशीचं गणित मात्र वेगळं. आठव्या-नवव्या महिन्यात उताणी केलेल्या म्हशीचं गर्भाशयच पडद्यावर बसतं. तिथे पहिली बैठक करून, तारा काढून, थोड्या हिरव्या चाऱ्यावर व्यायपर्यंत सांभाळणं आणि नंतर भोक शिवणं हा मार्ग बऱ्याचदा बरा ठरतो. अशा म्हशीला झायलाझिन हे गुंगीचं औषध देणं टाळावं, त्याने गर्भाशय आकसतं आणि गर्भ गाळला जाऊ शकतो.

दुसरी बैठक: भोक बंद करणं

थायोपेंटोनच्या ५ टक्के द्रावणाने भूल, तोंडात खुट्टी लावून हातानेच श्वासनलिकेत २५ मिलिमीटरच्या आसपासची फुग्याची नळी, मग भुलीचा वायू आयसोफ्लुरेन. म्हैस उताणी, छातीचा भाग किंचित उंच ठेवायचा म्हणजे पोटातले अवयव मागे सरकतात, तोंड मात्र खाली झुकतं ठेवायचं. फुगा नीट फुगवलेला नसेल तर पोटातलं पाणी सरळ फुप्फुसात उतरतं, आणि त्यानंतरची न्यूमोनिया म्हशीला टाके काढायच्या दिवसापर्यंत पोहोचू देत नाही.

उरोस्थीच्या मागच्या टोकापासून ५-७ सेंटिमीटर सोडून २५ ते ३० सेंटिमीटरचा छेद. दुधाची शीर जपायची किंवा बांधायची. कोठीपोट रिकामं असल्यामुळे हात सरळ पडद्यापर्यंत जातो.

सगळ्यात नाजूक क्षण पुढचा. छातीत शिरलेलं जाळीपोट हेच त्या भोकाचं बूच आहे. ते निघताच हवा फुस्स करून छातीत शिरते आणि फुप्फुसं बसतात. म्हणून चिकटलेले पदर बोटांनी सोडवायला घेण्याआधीच भूल देणाऱ्याने श्वास आपल्या ताब्यात घेतलेला असला पाहिजे. मिनिटाला ८ ते १२ वेळा, दर वेळी किलोमागे १० मिलि, म्हणजे हिला जवळपास ५ लिटर, असा दाबाने श्वास. तशी सोय नसेल तर ही शस्त्रक्रिया सुरूच करू नये. भोक बंद होण्याआधी म्हैस टेबलावर दगावते, ती बहुधा याच मिनिटांत.

पदर सोडवताना बोटाचं टोक नेहमी जाळीपोटाच्या भिंतीकडे ठेवायचं. भिंत फाटली तर शिवता येते, पण हृदयावरण किंवा फुप्फुस फाटलं तर तेवढ्या खोलात दुरुस्ती जवळपास अशक्य. जुना, दगडासारखा कठीण झालेला पदर ओढू नये. तो सोडवताना जाळीपोटाची थोडी भिंतच त्याच्या बाजूला सोडून द्यावी लागली तरी चालेल.

जाळीपोट बाहेर आल्यावर कडा दिसत नाहीत, चाचपाव्या लागतात. जाड विणलेलं रेशीम, ३ नंबर, लांब धागा. पहिला टाका सगळ्यात दूरच्या, खोल टोकाला, आणि मग आपल्याकडे येत अडकवत जाणारी सलग शिवण, दोन टाक्यांत दीड ते दोन सेंटिमीटर. उलट दिशेने आलं तर शेवटचा टाका नेमका हात न पोहोचणाऱ्या टोकाला येतो, आणि तिथेच शिवण सैल राहते. कडेपासून कमीत कमी दीड सेंटिमीटर आत सुई घालायची. नुसत्या पातळ काठाला धरलेला टाका म्हैस उठताना जोर करते तेव्हाच फाटतो. शेवटचा टाका बांधताना फुप्फुसं पूर्ण फुगवून धरायला सांगायचं आणि त्या क्षणी गाठ आवळायची. उरलेली हवा नंतर सातव्या-आठव्या फटीत वरच्या बाजूने सुई घालून, तीन तोंडांच्या तोटीने, हळूहळू काढायची. महिनाभर दबलेलं फुप्फुस झटक्यात फुगवलं तर त्यात पाणी भरतं.

पोटाची भिंत शिवताना कंजुषी नको. उभ्या म्हशीच्या सगळ्या पोटाचं वजन या टाक्यांवर येतं.

माणसात आणि कुत्र्या-मांजरात

हे फक्त म्हशीचं दुखणं नाही. फ्रेंच शल्यविशारद आंब्रुआझ पारे यांनी १५७९ मध्ये एका तोफखान्याच्या कप्तानाची हकीकत नोंदवली. छातीत गोळी लागूनही तो वाचला होता, आणि आठ महिन्यांनी पोट तुंबून वारला. शवविच्छेदनात मोठं आतडं श्वासपटलाच्या भोकातून छातीत शिरून सडलेलं सापडलं. भोक करंगळीचं टोक जाईल एवढंच. लहान भोक कमी धोक्याचं असं कुणी म्हणालं तर हे उदाहरण आठवावं. अवयव आवळला जातो तो लहान भोकातच.

माणसात अपघातानंतरचा हर्निया डावीकडे जास्त सापडतो, कारण उजवीकडे यकृताची उशी असते. मोटारीच्या धडकेनंतर महिन्यांनी, वर्षांनीही तो उघड होतो. छातीच्या एक्स-रेत वायूने भरलेलं जठर फुप्फुसाभोवतीच्या हवेसारखं दिसतं, आणि त्या समजुतीने छातीत नळी टोचली तर ती जठरात घुसते. नाकातून जठरात नळी घालून पुन्हा एक्स-रे काढला की ती छातीत वळलेली दिसते आणि चूक टळते. म्हशीच्या ट्रोकारची ही माणसातली जोडी म्हणता येईल.

जन्मजात प्रकार साधारण अडीच ते तीन हजार बाळांमागे एकाला होतो, पाचांत चार वेळा तरी डावीकडे आणि मागच्या अंगाला. जन्मताच श्वास लागलेला आणि पोट खपाटीला गेलेलं बाळ दिसलं की मास्क लावून हवा दाबायची नाही. ती हवा जठरात आणि आतड्यात जाते, छातीतली आतडी फुगतात आणि आधीच न वाढलेलं फुप्फुस आणखी दबतं. थेट श्वासनलिकेत नळी, जठरात दुसरी नळी, आणि भोक शिवायचं ते बाळ स्थिर झाल्यावर. पूर्वी अशा बाळाला लगेच टेबलावर घेत. आता थांबतात, कारण बाळाचा जीव भोकापेक्षा फुप्फुसावर आणि त्याच्या रक्तवाहिन्यांवर अवलंबून असतो. म्हशीच्या दोन बैठकांमागेही हाच विचार आहे.

कुत्र्या-मांजरांत कारण बहुधा गाडीची धडक किंवा उंचावरून पडणं, आणि छातीत जातं ते जास्त करून यकृत. धडकेनंतर श्वास लागलेल्या कुत्र्याला एक्स-रेसाठी उताणं करू नये, उभं किंवा छातीवर बसलेलं असतानाच फोटो काढावा.

नंतरचे दिवस

भूल उतरताना म्हशीला लगेच छातीवर बसतं केलं, दोन्ही बाजूंना गवताच्या गाठी लावल्या. गिळायला लागेपर्यंत फुग्याची नळी काढली नाही. प्रतिजैविक सात दिवस, वेदनाशामक तीन दिवस. तेवढे दिवस आणि औषधाच्या वेष्टनावर लिहिलेले पुढचे दिवस दूध डेअरीला घालायचं नाही, हे मालकाला लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी निरोगी म्हशीच्या कोठीपोटातलं पाणी गाळून ४ लिटर नळीने दिलं. उपसलेल्या कोठीपोटात चारा पचवणारे जीवाणू उरलेले नसतात, पावडरीपेक्षा हे पाणी लवकर काम करतं. तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा भरपूर, मऊ, हिरवट शेण पडलं. चौथ्या दिवशी रवंथ. चारा दिवसाला २-३ किलो कोवळ्या गवताने सुरू करून आठवड्यानंतर कडबा. पेंड दहाव्या दिवसापासून. छेदाच्या खाली पाचव्या दिवशी पाण्याची सूज आली होती. ती उताराला साचते, फोडायची नाही. गरम लागली किंवा ताप आला तरच सुईने तपासायची. टाके १४ व्या दिवशी काढले. दूध महिनाभरात ७ लिटरपर्यंत आलं. या वेतात ते पूर्ववत होईल असं मालकाला आधीच सांगायचं नसतं, आणि इथेही सांगितलं नव्हतं.

महिन्याने सोनोग्राफी: जाळीपोट सहाव्या-सातव्या फटीत, पडद्याच्या मागे, हालचाल मिनिटाला एक. तेव्हा तोंडातून पिंजऱ्याचा लोहचुंबक दिला, जो जाळीपोटात जाऊन बसतो आणि पुढच्या तारा धरून ठेवतो. भोक उघडं असताना तो देऊ नये, तो जाळीपोटासोबत छातीत जाऊन बसतो. कुट्टी यंत्राच्या तोंडाशी आणि गव्हाणीत ओतायच्या टोपलीतही एक-एक चुंबक बसवला, स्लॅबच्या जागेवरची माती चुंबकाची पट्टी ओढून साफ केली. पहिल्याच दिवशी पट्टीला वीतभर तारेचे अकरा तुकडे चिकटले.

पुढचं भरण एक माज सोडून लांबवलं आहे. ती गाभण राहिली की सहाव्या महिन्यापासून दर आठवड्याला डाव्या भकाळीवर लक्ष ठेवायचं, आणि एकदाही फुगली तर पशुवैद्यकीय मदतीच्या १९६२ या क्रमांकावर फोन करून त्याच आठवड्यात छातीची सोनोग्राफी करून घ्यायची.